मासे पायरीवर का चढले?

प्रश्न : माझी नात फाइन आर्टला आहे. गेल्या महिन्यात मला गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर, घेऊन गेली, हातात मोबाइल दिला आणि म्हणाली, "आजोबा, आता पाण्यात बघा." स्क्रीनवर निळे, काचेसारखे मासे पोहत होते. दोन मिनिटांत सगळे सरकत पायऱ्यांवर चढले. एक तर माझ्या चपलेतून आरपार गेला. पोर रडकुंडीला आली. याला 'ऑगमेंटेड रिॲलिटी' कला म्हणतात म्हणे. मासे पळाले का? आणि खरी नदी समोर असताना हे कशाला? मी जन्मभर जलरंगात घाट रंगवला, म्हणून विचारतो.
– एक आजोबा, पंचवटी

उत्तर : काका, नातीला सांगा, माझं मोबाइलमधलं कमळही पळालं होतं. बुधवारच्या बाजाराच्या दिवशी मी ते मोठ्या हौसेनं पाण्यावर ठेवलं आणि ते जाऊन बसलं मेथीच्या जुड्यांवर. भाजीवाल्या मावशींनी मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, "हे कितीला?"

मोबाइलला नदी कळत नाही. तो कॅमेऱ्यातल्या दृश्यात बारीक खुणा हेरतो: दगडाचा कोपरा, चीर, डाग. त्या खुणा आणि आतले हालचाल मोजणारे सेन्सर यांचा मेळ घालून आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज बांधतो. पाण्यावर खुणा थांबतच नाहीत. लाट हलली, देवळाचं प्रतिबिंब थरथरलं की बिचाऱ्याचा हिशेब चुकतो आणि मासे निघतात फिरायला. उपाय सोपा आहे. मासे पाण्याला बांधायचेच नाहीत. काळ्या दगडाच्या खडबडीत पायरीला बांधायचे आणि 'या पायरीच्या इतकं खाली' असं माप द्यायचं. दगड जागचा हलत नाही, म्हणून मासेही हलत नाहीत.

आता 'हे कशाला'. हाच प्रश्न 1912 साली दादासाहेब फाळक्यांना विचारता आला असता. आपल्या त्र्यंबकला जन्मलेला हा माणूस. त्यानं कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप बघता बघता वर आलं. खरं रोप तर समोरच होतं! पण वाढताना ते कुणाला दिसत नव्हतं. डोळ्याला जे एका दमात दिसत नाही ते दाखवलं, म्हणून त्या यंत्राचं काम झालं.

या मापानं नातीचे मासे थोडे कमी पडतात, हे मी तिला तोंडावर सांगेन. ते निळे मासे रामकुंडात जेवढे शोभतात, तेवढेच बादलीत. चपलेतून गेलेला मासा तेवढा मला आवडला.

तिला गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीसमोर उभी करा. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशीच पुराची बातमी आपल्याकडे घरोघर पोचते. ऑगस्ट 2019 मधल्या पुराचं पाणी ज्यांनी पाहिलं, ते आजही उन्हाळ्यात कोरड्या घाटावर पाहुण्यांना घेऊन जातात आणि हात उंच करून म्हणतात, "इथपर्यंत होतं!" पाहुणा मान वर करतो, पण त्याला ऊनच दिसतं. म्हणणाऱ्याला पाणी दिसत असतं. ते पाणी पाहुण्याला दाखवायला मोबाइल आहे.

जेफ्री शॉ या कलाकारानं 1994 मध्ये एक रिकामा चौथरा मांडला होता. हातातला छोटा पडदा त्याच्याकडे धरला की वर सोन्याचं वासरू दिसायचं, आणि त्याच्या चकचकीत अंगात त्याच खोलीचं प्रतिबिंब. लोक रिकाम्या चौथऱ्याभोवती वाकून, उकिडवे बसून फिरायचे. नातीच्या कामातही लोकांना असं फिरवायला हवं. गुडघ्याएवढ्या पाण्यासाठी खाली वाकावं लागेल आणि डोक्यावरच्या पाण्यासाठी मोबाइल उंच धरावा लागेल.

बाकी कारागिरी. मारुतीच्या शेंदरी, गुळगुळीत अंगावर खुणा कमी सापडतात. आधार शेजारच्या दगडांचा घ्यावा. सकाळी आठच्या आत जावं. नंतर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही आणि मोबाइल तापून चिडतो. उंची टेपनं मोजावी. पाणी कुठवर आलं होतं ते मात्र घाटावरच्या दुकानदारांना विचारावं. दोघांची उत्तरं जुळणार नाहीत. दोन्ही लिहून घ्यावीत.

आणि काका, पुराचं पाणी निळं नसतं. दुधाळ चहासारखं असतं, हे तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त माहीत. तुमच्या जुन्या चित्रांत पावसाळ्यातली गंगा असेलच. ते चित्र स्कॅन करून तिला तोच रंग घेऊ द्या. यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना किती किती मिसळता, ते मलाही कळवा. माझा रंग दर वेळी तांबडा होतो.