कृत्रिम बुद्धिमत्तेतलं 'कृत्रिम' नक्की कुठलं?

प्रश्न असा आलाय की एआयला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हटलं तर ती खोटी ठरते का, आणि मग आपल्या बुद्धीला 'नैसर्गिक बुद्धिमत्ता' म्हणायचं का.

आधी कृत्रिम घेतो, खरी गंमत तिथेच आहे. मूळ धातू कृ, म्हणजे करणे, त्यामुळे कृत्रिम म्हणजे नुसतं केलेलं, बनवलेलं, खोटेपणा त्यात मुळात नाहीच. पण मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो. कृत्रिम फुलं फक्त दिसायला फुलं, कृत्रिम हसू तर सरळसरळ खोटं, पण कृत्रिम उपग्रह खरोखरच पृथ्वीभोवती फिरतो, कृत्रिम दातांनी खरोखर चावता येतं आणि कृत्रिम टंचाई मुद्दाम केलेली असली तरी झळ खरीच बसते ना! तर एआयमधलं कृत्रिम हे फुलातलं की उपग्रहातलं, एवढाच वाद आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि मंडळींनी १९५५च्या ज्या संशोधन-प्रस्तावात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे इंग्रजी नाव वापरलं त्यातच यंत्राकडून बुद्धीची नक्कल करून घेता येईल असं म्हटलंय, म्हणजे घोळ बारशापासूनचाच.

१९९७ला आयबीएमच्या डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोवला हरवलं तेव्हा ते सेकंदाला साधारण २० कोटी पटस्थिती तपासायचं. आता खेळाचं नावच बुद्धिबळ, मग ही बुद्धी की नुसतं बळ? (शब्दावरची कोटी आहे, पण सोडवत नाही.) जिंकणं खरं होतं, म्हणून कामापुरतं मी उपग्रहाच्या बाजूने. पण बुद्धी ज्या बुध् धातूवरून आली त्याचा अर्थ जागं होणं, कळणं, आणि आपण जिंकलो हे त्या यंत्राला कळलं असं काही कोणी म्हणत नाही, तिथे मात्र फूलच.

'नैसर्गिक बुद्धिमत्ता' हे 'साधा फोन'सारखं झालंय, मोबाइल येईपर्यंत फोनला साधा कोण म्हणायचं? तुलना करताना चालेल, एरवी नुसतं बुद्धी म्हणा. 'उपजत' नको, शिकून आलेलं त्यात बसत नाही. 'मानवी'सुद्धा अपुरं, प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरचे कावळे काड्यांचे हुक बनवून किडे बाहेर काढतात, त्यांना कुठे ठेवणार?

आणि कृपया 'बुद्धीमत्ता' नको, एकटी बुद्धी दीर्घ, पण बुद्धिमत्ता आणि बुद्धिबळ ह्रस्वच.