जेम्स मलोनी इतका चांगला रग्बी लीग खेळाडू होता, तर कुठल्याच क्लबने त्याला टिकवून का ठेवलं नाही?

प्रश्नाच्या खाली तुम्ही "आयपीएलसारखा लिलाव असतो का तिथे?" असंही विचारलंय, तिथूनच सुरुवात करतो. लिलाव नसतो. मी सिडनीच्या पश्चिम भागात राहतो. इथे 'फुटी' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर रग्बी लीगच, म्हणजे रग्बीतून फुटून निघालेला वेगळा खेळच, येतो. इथल्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) स्पर्धेत खेळाडू आणि क्लब आपापसात करार करतात, बहुधा दोन-चार वर्षांचा. करारातलं शेवटचं वर्ष जवळ आलं, की आदल्या १ नोव्हेंबरपासून खेळाडूला इतर क्लबांशी उघड बोलणी करता येतात. त्यामुळे कित्येकदा माणूस पुढच्या वर्षासाठी दुसरीकडे सही करून मोकळा झालेला असतो आणि हे वर्षभर जुन्याच क्लबची जर्सी घालून मैदानात उतरतो. सगळ्यांना ते माहीत असतं. चार दिवस शिव्या पडतात, मग शनिवारी तेच लोक त्याच्या नावाने ओरडायला हजर.

त्यात सॅलरी कॅप. खेळाडूंच्या पगारावर क्लबने वर्षाला किती खर्च करायचा, ह्याला वरून मर्यादा घातलेली आहे. दोन पोरं चमकली, त्यांचा भाव वाढला, की तिसऱ्याला निरोप द्यावाच लागतो, मग तो कितीही लाडका असो. मलोनीच्या पहिल्याच क्लबात ह्याचं टोक गाठलं गेलं होतं. २००९ साली तो मेलबर्न स्टॉर्मकडून पहिल्यांदा एनआरएल खेळला. संघात कूपर क्रॉंकसारखा नावाजलेला खेळाडू असताना नवख्याच्या वाट्याला येणार किती? मोजके सामने. त्या वर्षी स्टॉर्मने अजिंक्यपद मिळवलं. २०१० च्या एप्रिलमध्ये उघडकीला आलं, की क्लबाने हिशेबाच्या दोन-दोन वह्या ठेवून खेळाडूंना कॅपबाहेरचे पैसे दिले होते. २००७ आणि २००९ ही दोन्ही अजिंक्यपदं काढून घेतली, आणि २०१० चा हंगाम संघाने गुणांशिवाय खेळून काढला. जिंका नाहीतर हरा, तक्त्यात भोपळाच. मलोनी तोवर ऑकलंडला, न्यूझीलंड वॉरियर्सकडे पोचला होता.

आता बारा गावचं पाणी प्यायलेल्या ह्या माणसाचा प्रवास एका दमात सांगतो: मेलबर्न, मग न्यूझीलंड वॉरियर्स (२०१० ते २०१२), सिडनी रूस्टर्स (२०१३ ते २०१५), क्रोनला शार्क्स (२०१६, २०१७), पेनरिथ पँथर्स (२०१८, २०१९), फ्रान्समधल्या पर्पिन्यांचा कॅटलन्स ड्रॅगन्स (२०२०, २०२१) आणि शेवटी त्याच देशातलं लेझिन्यां. ह्या यादीकडे बघून "हा कुठे टिकतच नाही" असं वाटणं साहजिक आहे. पण त्यातल्या वॉरियर्स, रूस्टर्स, शार्क्स आणि ड्रॅगन्स अशा चार क्लबांबरोबर तो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळला. दोन जिंकले, दोन हरले. एकाच क्लबात अख्खी कारकीर्द काढून एकदाही अंतिम सामना न पाहिलेले भले भले खेळाडू इथे ढिगाने सापडतील.

त्याची नेमकी जागा कोणती, हे कळल्याशिवाय क्लब त्याच्यामागे का लागायचे ते कळणार नाही. रग्बी लीगमध्ये एका बाजूला १३ खेळाडू असतात. चेंडू हातात असताना सहा वेळा पकडले गेलात, की चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुधा लाथ मारून चेंडू पुढे लोटतात. कुठे लोटायचा, कोणाला पास द्यायचा, कधी स्वतः घुसायचं, हे ठरवते सहा आणि सात नंबरची जोडी. मलोनी सहा नंबरचा. वर गोलवर किक मारायचं कामही त्याच्याकडे. ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेऊन टेकवण्याचे चार गुण, त्यानंतरच्या किकचे दोन. चुरशीचे सामने ह्या दोन गुणांवरच फिरतात. म्हणजे एका पगारात दोन माणसं मिळाली. कॅपच्या जगात ह्याला सोन्याचा भाव असतो.

उणी बाजूही सांगतो, नाहीतर उत्तर भक्तिभावाचं होईल. बचावात तो कच्चा होता. समोरचे संघ मुद्दाम धिप्पाड खेळाडू त्याच्या अंगावर सोडायचे आणि त्याचे टॅकल सुटायचे. नियम मोडून समोरच्यांना पेनल्टी देण्यातही तो सढळ. मैदानावर हसत, टोमणे मारत वावरायचा. संघ जिंकत असला की लोकांना ते गोड वाटायचं, हरत असला की डोक्यात जायचं. माझ्या मते क्लबांनी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं नाही, त्यामागे हेही एक कारण असणार. दोन-तीन वर्षं त्याच्या जमेच्या बाजूचा फायदा घ्यायचा आणि खर्चाची बाजू जड व्हायच्या आत हात मिळवून मोकळं व्हायचं.

ऑकलंडला त्याचा प्रशिक्षक होता आयव्हन क्लिअरी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. २०११ साली वॉरियर्सने उपांत्य सामन्यात मेलबर्नला मेलबर्नच्याच मैदानावर २०-१२ असं हरवलं. अंतिम सामन्यात मात्र सिडनीच्या मॅनली संघाने त्यांना २४-१० ने गुंडाळलं. दोन वर्षांनी मलोनी रूस्टर्सकडून पुन्हा अंतिम सामन्यात, समोर पुन्हा मॅनली. रूस्टर्स ८-१८ असे मागे पडले होते आणि २६-१८ ने जिंकले. २०१३, २०१४, २०१५ अशी तिन्ही वर्षं रूस्टर्स साखळीत पहिले आले. तो गेल्यावर २०१६ मध्ये तेच रूस्टर्स सोळा संघांत पंधरावे. सगळं त्याच्याच खात्यावर टाकणार नाही. त्या वर्षी रॉजर तुइवासा-शेकही क्लब सोडून गेला होता आणि मलोनीचा तिथला जोडीदार मिचेल पिअर्स निलंबनामुळे सुरुवातीला बाहेर होता. पण घसरण नजरेत भरण्यासारखी होतीच.

आणि त्याच २०१६ मध्ये क्रोनला. ह्या क्लबाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्रोनला १९६७ मध्ये स्पर्धेत आलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत, मृतदेहही सापडला नाही. जॅक गिब्सन नावाच्या नामवंत प्रशिक्षकाचं ह्यावरून एक वाक्य प्रसिद्ध झालं: क्रोनला अजिंक्यपद जिंकण्याची वाट बघणं म्हणजे हॅरॉल्ड होल्टसाठी ओसरीवरचा दिवा चालू ठेवणं. पिढ्यान्‌पिढ्या शार्क्सच्या लोकांनी हा टोमणा ऐकून घेतला.

२ ऑक्टोबर २०१६, अंतिम सामना, समोर मेलबर्न स्टॉर्म, म्हणजे मलोनीचा पहिला क्लब. मध्यंतराला शार्क्स ८-० ने पुढे. मग मेलबर्नने दोन ट्राय केल्या आणि १२-८. साधारण दहा-बारा मिनिटं उरली असताना शार्क्सचा अँड्र्यू फिफिटा अंगाला लटकलेल्या तीन-चार जणांना ओढत गोलखांबांजवळ रेषेपार पडला. १२-१२. पुढची किक समोरूनच होती, सरावात कोणीही डोळे मिटून मारेल अशी. पण ४९ वर्षांचा दुष्काळ आणि फक्त दोन गुण, असा हिशेब मांडून उभं राहिलं की 'सोपी' हा शब्द सुचत नाही. मलोनीने ती घातली. १४-१२. शेवटच्या मिनिटाला मेलबर्नने चेंडू ह्या टोकाकडून त्या टोकाला फिरवत ठेवला, शार्क्स धावत राहिले, भोंगा वाजला. कप्तान पॉल गॅलनने मंचावरून सगळ्यांना सांगून टाकलं, आता ओसरीवरचे दिवे मालवा. पुढच्या हंगामानंतर मलोनी निघालासुद्धा! पेनरिथला तो आणि पेनरिथचा मॅट मॉयलन क्रोनलाला, जवळजवळ अदलाबदलच झाली.

पेनरिथमध्ये त्याच्या जोडीला सात नंबरवर होता नेथन क्लिअरी. वर नाव लक्षात ठेवायला सांगितलेल्या आयव्हनचा मुलगा. मलोनी ऑकलंडला बापाच्या हाताखाली खेळत होता तेव्हा हे पोरगं तिथेच शाळेत जात होतं. २०१८ मध्ये दोघे क्लबसाठी खेळले आणि न्यू साउथ वेल्ससाठीही. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमधली 'स्टेट ऑफ ओरिजिन' ही तीन सामन्यांची मालिका इथे क्लबच्या अंतिम सामन्याइतकीच, कधीकधी त्याहून मोठी मानतात. २०१८ ची मालिका त्यांनी जिंकली. २०१९ च्या पहिल्या सामन्यात मलोनीला घेतलं नाही, संघ हरला. दुसऱ्यासाठी परत बोलावलं, पर्थमध्ये ३८-६ असा विजय. तिसऱ्याला नेथन जखमी होता, म्हणून रूस्टर्समधला जुना जोडीदार पिअर्स आला. हे दोघे २०१३ आणि २०१७ मध्ये एकत्र खेळून मालिका हरले होते आणि पिअर्सवर तर अपयशाचा शिक्काच बसला होता. २०-२० अशी बरोबरी, शेवटचं मिनिट. पिअर्सचा पास, उजव्या बाजूने ब्लेक फर्ग्युसन सुसाट, आत संघातल्याच जेम्स टेडेस्कोकडे चेंडू आणि ट्राय. २६-२०.

त्या वर्षीच्या हंगामानंतर पेनरिथने करार शिल्लक असतानाही त्याला जाऊ दिलं. सहा नंबरची जागा जरोम लुआईला मिळाली आणि नेथन-लुआई जोडीने २०२१ ते २०२४ अशी सलग चार अजिंक्यपदं आणली. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात रोखठोक उत्तर हेच आहे. पेनरिथने त्याला धरून ठेवलं असतं, तर लुआई कदाचित दुसरीकडे गेला असता.

निष्ठेचा मुद्दा पुष्कळ लोक काढतात, त्यावर थोडं. रग्बी लीग हा खेळ वेगळा झालाच मुळी मजुरीवरून. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेकडल्या क्लबांचं म्हणणं होतं, की खाणीत आणि गिरणीत राबणारा माणूस सामन्यासाठी खाडा करतो, तर त्याची बुडालेली मजुरी भरून द्या. लंडनवाल्यांनी नकार दिला. हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून ह्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पैसे घेऊन खेळणं तिथे पहिल्यापासून उजळ माथ्याने चालत आलंय. मलोनीसारखा माणूस चांगल्या पगारासाठी गाव बदलतो, ते ह्या परंपरेला धरूनच आहे.

फ्रान्समध्ये ह्या खेळाचे हाल वेगळेच. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जर्मनीधार्जिण्या व्हिशी सरकारने रग्बी लीगवर बंदी घालून क्लबांची मालमत्तासुद्धा जप्त केली होती. दक्षिणेत मात्र तो तग धरून राहिला. पर्पिन्यांचा ड्रॅगन्स संघ २००६ पासून इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये खेळतो. २०२१ मध्ये, म्हणजे मलोनी पस्तिशीत असताना, ते पहिल्यांदा साखळीत अव्वल आले. ते पक्कं झालं इंग्लंडमधल्या न्यूकासलच्या सामन्यात. इंग्लंडचा सेंट हेलेन्स संघ ३०-१२ ने पुढे आणि पाचेक मिनिटं शिल्लक. लोक घरी निघायला लागावेत अशी स्थिती. तिथून ड्रॅगन्सने ३०-३० केलं आणि जादा वेळेत मलोनीने ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडूचा टप्पा पडताच मारलेली, एका गुणाची किक) मारून ३१-३० ने सामना खिशात घातला. महिनाभराने ओल्ड ट्रॅफर्डवरच्या अंतिम सामन्यात तेच दोन संघ, आणि ह्या खेपेला सेंट हेलेन्स १२-१०. त्यानंतर तो लेझिन्यां ह्या छोट्या गावाकडून फ्रेंच स्पर्धेत खेळायला गेला.

त्याचा एकच सामना बघणार असाल, तर क्रोनलाचा अंतिम सामना राहू द्या. न्यूकासलचा बघा. नियम पाठ नसले तरी चालेल, शेवटची दहा मिनिटं लावली तरी पुरे.