वीस पैसे आणि अडतीस हजार

पत्र थोडक्यात असं: "मी मोहननगरची, वय 58, शाळेतून निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून 23,46,512 रुपये आले. दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, 2,34,651 रुपये 20 पैसे होतो. नाताळच्या उपासनेत तो चेक चर्चच्या मंडळीला द्यावा, नव्या सभागृहात बाबांच्या नावाची पाटी लागावी, अशी इच्छा आहे. मुलगा म्हणतो, पीएफ तर तुझीच बचत, तिच्यावर दशांश कसला? महिनाभर आम्ही बोलत नाही. मला खर्च तसा फार नाही. नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाथरूमचं काम केलं, त्यातले बालाघाटकडच्या मिस्त्रीचे 38,000 द्यायचे आहेत; एक टाइल पोकळ वाजते म्हणून थांबवलेत, आता त्याचा फोनही येत नाही. आमच्यात बरोबर कोण?"

ताई, मुलाशी झालेला वाद तुम्ही दोन पानं लिहिलाय. मिस्त्री एका ओळीत आला आणि गेला. मी त्या ओळीपाशीच अडकले.

नवतपात आपण कूलरसमोरून हलत नाही. तेव्हा तो माणूस तुमच्या बाथरूममध्ये उकिडवा बसून टाइल बसवत होता. एक पोकळ वाजते? मान्य, चूक त्याची. ती काढून नवी बसवायला किती लागतील, हजार-पंधराशे? मग बाकीचे पैसे सहा महिने तुमच्या खात्यात काय करताहेत?

आणि "फोनही येत नाही" हे तुम्ही असं लिहिलंय, जणू देणं फिटलं. मागून मागून थकलेला माणूस गप्प होतो, ताई. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 24वा अध्याय काढा. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत गुंतलेला असतो. मजूर आपला भाऊबंद असो की परका, नियम एकच. नाही दिली तर तो परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील, असंही तिथे लिहिलंय. तुमच्या मिस्त्रीने तुम्हाला फोन करणं सोडलंय, एवढंच तुम्हाला माहीत आहे.

दशांशाचं म्हणाल तर, दर महिन्याच्या पूर्ण पगारावर तो दिला असेल, तर पीएफमधल्या स्वतःच्या वर्गणीवर पुन्हा द्यायची सक्ती नाही. मनापासून द्यावासा वाटला तर द्या. तो प्रश्न तेवढाच. पण ते 20 पैसे वाचून मला राग आला. येशूच्या काळातले परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे लोक, पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश मोजून देत. तो देऊ नका, असं येशू म्हणाला नाही. न्याय आणि दया सोडून दिल्याबद्दल त्याने त्यांना फटकारलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, 5व्या अध्यायात, दान वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, ते तुम्ही कितीदा ऐकलं असेल. त्यातली अट मात्र नीट वाचा. तुमच्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाही. भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. मग टाइल कशी वाजते, याने काय फरक पडतो?

तेव्हा चेक आत्ता लिहू नका. बाबांच्या पाटीचंही कुणाशी बोलू नका. उद्या बँकेतून रोख 38,000 काढा, आणि त्या टाइलचे कापू नका. त्याचे पैसे तुम्ही सहा महिने वापरलेत. उशीर झाला, माफ करा, हे स्वतःच्या तोंडाने म्हणा. फोन लागला नाही तर सकाळी साडेआठच्या आत मजुरांच्या ठिय्यावर जा. बालाघाटकडचे कारागीर तिथे भेटतील, कुणी ना कुणी त्याची खोली दाखवील. एकट्या जाऊ नका. मुलाला म्हणा, गाडी काढ.