मापाने विंडसर्फिंग बोर्ड बनवून विकायचेत? आधी दुरुस्तीचं काम धरा

प्रश्न: गिऱ्हाईकाच्या मापाने विंडसर्फिंगचे बोर्ड बनवून विकायचा छोटा व्यवसाय सुरू करायचा आहे. स्वतःसाठी दोन बोर्ड बनवलेत, ते चालतात. आता पैसे घेऊन बनवायचे तर तयारी काय लागेल आणि कुठे फसायला होतं?

उत्तर:

किमतीत कारखान्याशी भिडू नका. नावाजलेल्या कंपन्यांचे कितीतरी बोर्ड थायलंडमधल्या कोब्रा या कंपनीच्या कारखान्यात साच्यांतून निघतात. तिथे पुढचा बोर्ड मागच्यासारखाच येतो आणि खर्च शेकडो नगांवर वाटला जातो. तुमच्याकडे माणूस येईल तो साच्यात न मिळणाऱ्या गोष्टीसाठी: वजन खूप कमी किंवा खूप जास्त, फूटस्ट्रॅप (पाय अडकवायचे पट्टे) वेगळ्या जागी हवेत, किंवा एकाच किनाऱ्याच्या लाटांसाठी बोर्ड हवाय. असे लोक थोडे असतात आणि तेही हंगामात येतात. म्हणून पहिलं वर्षभर तरी दुरुस्ती हाच मुख्य धंदा धरा, माझं मत तरी तसंच आहे. त्यात पैसे लवकर सुटतात आणि बोर्ड कुठे मोडतात ते फुकट शिकायला मिळतं. तीच चार-पाच ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात: डोलकाठी आपटून फुटलेलं नोज (पुढचं टोक), टाचांखाली मऊ पडलेला डेक (वरचा पृष्ठभाग), फिन बॉक्सच्या (तळाचा पंख बसवायच्या खाचेच्या) कडेने मुरणारं पाणी, मास्ट ट्रॅकभोवतीच्या (डोलकाठीचा पाया बसतो त्या खाचेभोवतीच्या) चिरा, उपटून आलेले फूटस्ट्रॅपचे स्क्रू. तुमच्या बोर्डात नेमक्या याच जागा आधीपासून मजबूत हव्यात.

ऑर्डर घेताना अंदाजपंचे काम नको, छापील फॉर्म ठेवा. वजन, उंची, शिडांचे आकार, पाणी सपाट की लाटांचं, फूटस्ट्रॅप किती आणि कुठे, फिन बॉक्स कुठला, हे सगळं त्यात भरून घ्या. लिटरचा हिशेब गिऱ्हाईकासमोर करा: माणूस ७५ किलो, रिग (शीड-डोलकाठीचा संच) १० किलो, बोर्ड ७ किलो, एकूण ९२. म्हणजे ९२ लिटरचा बोर्ड या माणसाला जेमतेम पाण्याच्या पातळीवर धरेल. कमी वाऱ्यात उभं राहून दोरीने शीड वर ओढायचं असेल तर यावर २५-३० लिटर तरी हवेत. वॉटरस्टार्ट (पाण्यात असतानाच वाऱ्याच्या जोराने शिडाकडून बोर्डावर ओढलं जाणं) पक्कं येणाऱ्याला लाटांसाठी ८० लिटरही पुरतात. बरेच जण वजन दोन-तीन किलो कमी सांगतात, आणि ओला वेटसूट, हार्नेस कुणी धरतच नाही. फॉर्मवर सही घ्या आणि ‘लिटरमध्ये २ आणि वजनात ५ टक्के इकडे-तिकडे होईल’ हे आधीच लिहा.

जागेत दोन वेगळे भाग लागतात, एक घासण्याचा आणि एक रेझिनचा. थर्माकोलची किंवा कार्बनची धूळ ओल्या रेझिनवर बसली की ते काम पुन्हा करावं लागतं. घासण्याच्या खोलीत भिंती गडद ठेवा आणि ट्यूबलाइट दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर आडव्या लावा. वरून उजेड पडला तर उंचवटे-खळगे दिसतच नाहीत.

गाभा थर्माकोलचा, घनता घनमीटरला १५ ते २० किलो. ब्लॉक घेताना कोपऱ्यातून तुकडा मोडून पाहा. मणी फुटून तुटले तर दाणे नीट एकजीव झालेत. मणी अख्खेच्या अख्खे सुटत असतील तर तो ब्लॉक पाणी पिणार, परत करा. पॉलिएस्टर रेझिन आणि अ‍ॅसिटोन दोन्ही थर्माकोल विरघळवतात, त्यामुळे काम फक्त इपॉक्सीत. दोन्ही बाजूंना रॉकरचे (तळाच्या लांबीच्या बाकाचे) साचे ठोकून गरम तारेने ब्लॉक कापा, आणि खालचा उरलेला तुकडा फेकू नका. व्हॅक्यूम बॅगेत (हवा काढून थर दाबून धरणाऱ्या पिशवीत) गाभा वाकतो, तेव्हा हाच तुकडा त्याचा पाळणा होतो. त्याच्याशिवाय बॅग लावलीत तर टेलकडचा (मागच्या टोकाकडचा) सपाट भाग दोन-तीन मिलिमीटर सरकतो आणि बोर्ड प्लेनिंगला, म्हणजे वेग घेऊन पाण्यावर उचलून घसरायला, उशीर करतो. मग गिऱ्हाईक दोष फिनला देतं.

वजनाचा हिशेब आधी कागदावर मांडा. २३५ बाय ६० सेंटिमीटरच्या, साधारण १०० लिटरच्या बोर्डाला रेलच्या (बाजूच्या कडांच्या) वळणासकट २.८ चौरस मीटरच्या आसपास कातडी, म्हणजे बाहेरचं आवरण, लागते. थर्माकोल दीड किलो, ३ मिलिमीटरचा पीव्हीसी फोम (घनता ८०) ७०० ग्रॅम, आतलं १०० ग्रॅमचं आणि बाहेरचं १६० ग्रॅमचं दुहेरी असं काचेचं कापड मिळून १.२ किलो, रेझिन १.६ किलो, बॉक्स-ट्रॅक-ठोकळे ८०० ग्रॅम, पुट्टी-रंग-नॉनस्किड (पाय न घसरण्याचा खरखरीत थर) ७०० ग्रॅम. झाले साडेसहा किलो. नवख्याचा बोर्ड आठ किलोवर जातो तो कापडामुळे नाही, रेझिन आणि पुट्टीमुळे. कापड आधी तोलून घ्या. हाताने काम करताना रेझिन कापडाच्या वजनाइतकं पुरतं आणि बॅगेत त्याहून कमी लागतं.

आता व्हॅक्यूम. पूर्ण निर्वात म्हणजे चौरस मीटरला दहा टन दाब, आणि हलकं थर्माकोल सातेक टनांतच चेपतं. म्हणून पंपाला व्हॅक्यूम स्विच लावून ०.३ ते ०.४ बारवर (चौरस मीटरला तीन-चार टन) थांबा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसरही या कामाला चालतो. रेझिन लावण्याआधी कोरडी बॅग लावून गळती शोधा. पंप बंद करून दहा मिनिटांत काटा खाली आला तर कान लावून फिरा, बारीक शीळ ऐकू येते ती बहुधा पट्टीच्या कोपऱ्यावरच्या घडीतून. आधी तळ, मग डेक. प्रत्येक बाजूला गाभ्यावर ओलं पातळ कापड, त्यावर पीव्हीसी, मग बॅग. रेलवर पीव्हीसी वळत नसेल तर हीट गनने हळूहळू गरम करून वळवा, खाली थर्माकोल नसताना.

सगळ्यात जास्त बोर्ड बिघडतात ते तापमानाने. खोली तापत असताना रेझिन लावलं की थर्माकोलमधली हवा फुगते आणि कापडातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे वर येतात. फोडले तरी पुन्हा येतात. उपाय सोपा आहे: आधी खोली चार-पाच अंशांनी गरम करा, हीटर बंद करा आणि तापमान उतरत असताना रेझिन लावा. हवा आकसते, बुडबुडे येत नाहीत.

‘हार्डनर जरा जास्त घातला की लवकर सुकेल’ ही सवय पॉलिएस्टरची. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की थर कायमचा चिकट राहतो आणि खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. डब्यावर वजनाचं आणि मापाचं प्रमाण वेगवेगळं दिलेलं असतं, त्यांची गल्लत करू नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि एका वेळी ३०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. कपात साठून राहिलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुरायला लागतं. पसरट ट्रेमध्ये ओतलं की काम करायला वेळ मिळतो. सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा आला असेल तर घासण्याआधी पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवा. नुसतं घासलंत तर तो पापुद्रा आत दाबला जातो आणि पुढचा थर सुटतो.

मास्ट ट्रॅक, फिन बॉक्स आणि फूटस्ट्रॅपचे प्लग नुसत्या थर्माकोलमध्ये कधीच बसवू नका. प्रत्येकाखाली जड पीव्हीसीचा ठोकळा हवा, ट्रॅकखालचा शक्यतो डेकपासून तळापर्यंत. बॉक्स काचेच्या कापडात गुंडाळून, कापसाच्या तंतूंनी घट्ट केलेल्या इपॉक्सीत बसवा, आणि वरून कापडाचा एक थर कडेवर दोन-तीन सेंटिमीटर चढू द्या. चिकटण्याआधी बॉक्समध्ये लांब सरळ पट्टी खोवून ती मध्यरेषेवर आणि तळाला काटकोनात आहे ना ते पाहा. एक अंशाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पाण्यात मात्र कळतो. फॉइलसाठी (बोर्डाला पाण्यावर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखासाठी) बोर्ड मागणारे आता बरेच आहेत. तिथे डीप टटल या खोल प्रकारच्या बॉक्सवर फिनपेक्षा कितीतरी जास्त पिळ येतो, त्यामुळे बॉक्स डेकच्या कातडीलाही जोडायचा. हे अजून हातात बसलं नसेल तर फॉइलची ऑर्डर सरळ नाकारा.

हवेचा स्क्रू (उघडला की आतली हवा बाहेर सोडणारा) विसरू नका. उन्हात आतली हवा फुगते, आणि वाट नसली तर डेक सुटतो. घरच्या तापमानावर सुकलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि काळा कार्बन उन्हात सहज तिथवर जातो. गिऱ्हाईकाने कितीही हट्ट केला तरी डेक पांढरा किंवा फिकाच रंगवा. गळती तपासायला कडांना साबणाचं पाणी लावून स्क्रूच्या भोकातून तोंडाने फुंका. कॉम्प्रेसर लावलात तर धडधाकट बोर्डही फाटेल.

अंगाची काळजी: नायट्राइलचे हातमोजे, सेंद्रिय वाफा आणि धूळ दोन्ही अडवणारा मास्क. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा सुरू झाली की जात नाही आणि धंदा तिथेच संपतो. हाताला लागलं तर साबणाने धुवा, अ‍ॅसिटोन ते कातडीत आणखी आत नेतं. टू-पॅक (दोन भाग कालवून लावायच्या) रंगात आयसोसायनेट ही विषारी रसायनं असतात, त्याची फवारणी बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय नको. तेवढी सोय नसेल तर रंगकाम बाहेर द्या.

भाव ठरवताना माल नव्हे, तास मोजा. एका बोर्डाला हाताचं काम ३० तासांच्या घरात जातं, पण सुकण्याचे दिवस धरून तो दोन आठवडे जागा अडवतो. पहिल्या पाच बोर्डांचे तास खरेखुरे लिहून ठेवा, घासण्याचे तास ऐकून तुम्हीच चकित व्हाल. आगाऊ रक्कम किमान सगळ्या मालाची घ्या. हमीत बॉक्सची गळती आणि थर सुटणं धरा, डोलकाठीने फुटलेलं नोज आणि खडकावरची टक्कर धरू नका. पैसे घेऊन पहिला बोर्ड देण्याआधी उत्पादन-दायित्वाचा (तुमच्या बोर्डामुळे कुणाचं नुकसान झालं तर कामी येणारा) विमा काढा. प्रत्येक बोर्डाला क्रमांक देऊन तो शेवटच्या कापडाखाली लिहा आणि वहीत त्यासमोर रेझिनचा बॅच, त्या दिवसाचं तापमान, वजन आणि रॉकरची मापं नोंदवा. तीन वर्षांनी तोच माणूस ‘तसाच, पण पाच लिटर कमी’ म्हणत आला की ही वही लागते.