पूर्ण काळ्या डोक्याचा हळद्या आणि त्याच्यासोबतचा रेघांचा पक्षी: जाती दोन की एकच?

तुम्ही विचारलंय की जंगलाच्या कडेला उंच झाडावर पिवळाधमक पक्षी दिसला, त्याचं डोकं आणि गळा पूर्ण काळा आणि चोच गुलाबी होती. त्याच झाडावर आणखी एक होता, कपाळ पिवळसर, गळ्यावर काळ्या रेघा, चोच काळपट. पुस्तकातल्या हळद्याच्या डोळ्यावरून तर फक्त एक काळी पट्टी जाते, मग हे दोघे कोण?

जात एकच आहे. हा काळ्या डोक्याचा हळद्या, शास्त्रीय नाव ओरिओलस झँथॉर्नस. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणारा लिनियस, त्याने 1758 साली त्याची नोंद केली. नावातल्या ग्रीक शब्दांचा अर्थ साधा आहे, पिवळा पक्षी. रेघांचा जो दुसरा पक्षी तुम्ही पाहिलात ते याच जातीचं पिल्लू. ते घरट्याबाहेर पडलंय, उडतंय, पण मोठ्या पक्ष्याची पिसं अजून आलेली नाहीत.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो कारण तुमचा घोटाळा माझाही झाला होता. सलग दोन वर्षं मी अशा रेघांच्या पक्ष्याची वहीत वेगळी नोंद केली, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. मग एका सकाळी काळ्या डोक्याचा मोठा पक्षी सुरवंट घेऊन आला आणि पंख थरथरवत बसलेल्या त्या रेघांच्या पक्ष्याच्या चोचीत त्याने तो घातला. जुन्या नोंदी त्याच दिवशी दुरुस्त केल्या.

हळद्या ओळखताना पिवळ्या रंगावर फार विसंबू नका. तो रंग बहुतेक हळद्यांना असतो, त्यामुळे त्यावरून जात ठरत नाही. बघायचं ते डोकं, चोच आणि डोळा. मोठ्या पक्ष्याचं डोकं, गळा आणि छातीचा वरचा भाग काळा असतो, जणू बुरखाच घातलाय. चोच गडद गुलाबी, डोळा लाल. पंख काळे, त्यांवर पिवळी नक्षी. मादीचंही डोकं काळंच असतं, फक्त तिच्या पाठीला हिरवट छटा असते. त्यामुळे समोरून नर-मादी ओळखायच्या भानगडीत पडू नये, पाठ दिसली तरच बोलावं. पिल्लाचं कपाळ पिवळसर, गळा पांढुरका आणि रेघांचा, चोच काळी. पुस्तकातला नेहमीचा हळद्या, ओरिओलस कुंडू, याच्या नराचं डोकं पिवळं असतं आणि डोळ्यातून मागे जाणारी काळी पट्टी असते. त्याची मादी हिरवट आणि खालून रेघांची, पण तिच्या डोक्यावर काळेपणा नाही. पट्ट्या दोन्ही बाजूंनी मागे जाऊन मानेवर एकमेकींना मिळाल्या असतील, तर तो काळ्या मानेचा हळद्या.

तुम्ही जंगल कुठलं ते लिहिलेलं नाही, म्हणून एक अट घालतो. भारत किंवा श्रीलंकेत पिवळ्या अंगाचा आणि पूर्ण काळ्या डोक्याचा हळद्या दिसला की दुसरा पर्यायच नाही. पण मलाय द्वीपकल्प, सुमात्रा किंवा बोर्नियो असेल तर पोटाकडे बघायलाच हवं. तिथे ओरिओलस झँथोनोटस नावाचा, आकाराने थोडा लहान असा एक हळद्या राहतो. त्याच्याही नराचं डोकं आणि गळा काळा, पाठ पिवळी. पण पोट पांढरं आणि त्यावर ठळक काळ्या रेघा. दोन्ही नावं इतकी सारखी आहेत की वाचतानाही चूक होते. स्वभाव मात्र वेगळा. तो सखल भागातल्या घनदाट सदाहरित जंगलात, झाडांच्या छतात राहणारा. तशी जंगलं तिकडे झपाट्याने तोडली गेली, आणि आज तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत मोजला जातो. काळ्या डोक्याच्या हळद्याला विरळ जंगल, जंगलाची कड, खारफुटी, मोठ्या झाडांच्या बागा असं सगळं चालतं, म्हणून त्याचं अजून बरं चाललंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आवाज रोज येतो पण पक्षी का दिसत नाही? एवढा भडक पक्षी लपतो कसा याचं मलाही पूर्वी नवल वाटायचं. पण तो राहतो झाडाच्या शेंड्याकडे, जिथे उन्हाचे कवडसे आणि पानांच्या सावल्या सारख्या हलत असतात. पिवळं अंग उन्हात मिसळतं, काळं डोकं सावलीत, आणि पक्ष्याचा आकारच डोळ्याला जुळत नाही. म्हणून आधी कानाने शोधावं. त्याची शीळ बासरीसारखी, गोल, ओली: टु-हीऊ, टु-हीऊ. मधूनच एक घोगरा क्वाक् येतो, तो इतका बेसूर असतो की त्याच गळ्यातला वाटत नाही. आवाजाच्या दिशेने झाडात शोधत बसण्यापेक्षा पुढच्या मोकळ्या जागेवर नजर ठेवा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना तो सुतारपक्ष्यासारखा खालीवर हेलकावे घेत उडतो, आणि तेव्हा पिवळा रंग लपत नाही.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे फळांनी लगडलेला वड, पिंपळ किंवा उंबर. हळद्या किडे, सुरवंट खातो, फुलांतला मधही पितो, पण या फळांवर त्याचा फार जीव. बिया पोटातून जातात आणि दूर कुठेतरी पडतात, तेव्हा जंगल वाढवण्यात त्याचाही वाटा आहे. त्याचा पिवळा रंगही खाण्यातूनच येतो. कॅरोटिनॉइड नावाची ही रंगद्रव्यं पक्ष्यांच्या शरीरात तयार होत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात.

वीण चालू असेल तर जवळपास कोतवाल आहे का बघा. हळद्याचं घरटं दोन फांद्यांच्या बेचक्यात झोळीसारखं टांगलेलं असतं, आणि ते अनेकदा कोतवालाच्या घरट्याजवळ सापडतं. कोतवाल कावळ्याला आणि शिकऱ्यालाही हुसकावतो, त्या पहाऱ्याचा फायदा शेजाऱ्याला आपोआप मिळतो. या कुळाचा असा आणखी एक नमुना मला फार आवडतो. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस 1861 मध्ये इंडोनेशियातल्या बुरू बेटावर होते. तिथला हळद्या पिवळा नाहीच, मळकट तपकिरी आहे आणि फ्रायरबर्ड नावाच्या मोठ्या, भांडखोर पक्ष्यासारखा हुबेहूब दिसतो. त्या दांडगटाचा वेष घेतल्याने शिकारी पक्षी याच्याही वाटेला जात नसावेत, असं वॉलेस यांनी मांडलं.

इंटरनेटवर ओरिओल, म्हणजे हळद्याचं इंग्रजी नाव, शोधलंत तर अमेरिकेतले काळे-नारिंगी पक्षीही समोर येतील. त्यांचं कुळच वेगळं, नाव तेवढं सारखं, तेव्हा ती चित्रं बाजूला ठेवा.

तुमची जोडी त्याच झाडावर पुन्हा दिसली, तर लहान पक्ष्याची चोच दुर्बिणीतून नीट बघा. काही महिन्यांत तिचा काळेपणा जाऊन ती गुलाबी व्हायला लागलेली दिसेल.