छोट्या पोपटांना कुरतडायला कोणती खेळणी सुरक्षित असतात?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात फ्लॅटमध्ये ‘लव्हबर्ड’ची जोडी आहे. दुकानदाराने रंगीत लाकडी ठोकळे, सुती दोरी आणि खाली घंटा असं लोंबतं खेळणं दिलं आणि ‘सगळं नैसर्गिक आहे, बिनधास्त लावा’ असं सांगितलं. तर लावावं का?

आहे तसं लावू नका.

आधी पक्षी कोणता ते बघा. आपल्याकडे दुकानदार ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो बहुतेक वेळा बजी, म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट निघतो: लांब शेपटी, डोक्यावर आणि पाठीवर काळ्या रेघा, वजन ३० ते ४० ग्रॅम. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. शेपटी आखूड, वजन ५० ग्रॅमच्या आसपास, आणि चोच त्या मानाने भलतीच दणकट. बजीला २-३ मिलिमीटर जाडीचं मऊ काहीतरी लागतं. लव्हबर्ड ५ मिलिमीटरचं मऊ लाकूडही सोलून काढतो.

आता ‘नैसर्गिक’. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. ऐरोलीच्या आमच्या दाजींशी याच शब्दावरून कितीतरी रविवार वाजलंय. कण्हेरही नैसर्गिकच आहे, जस्तही जमिनीतूनच निघतं. बघायचं असतं ते वस्तू तुटते कशी: तुकडा पडतो की धागा निघतो? तुकडा पक्षी खाली टाकतो. धागा जिभेला चिकटून आत जातो, गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत गोळा होऊन बसतो आणि मग ऑपरेशनशिवाय सहसा निघत नाही. शिवाय तोच धागा पायाच्या बोटाला गुंडाळला की रक्त थांबतं आणि बोट काळं पडतं. सुती दोरी अगदी शुद्ध कापसाची असली तरी धागाच सोडते. दाजींना हे आजतागायत पटलेलं नाही.

असलं खेळणं मी ओट्यावर सोडवून बघितलंय, म्हणून वरपासून सांगतो.

वरचा आकडा: स्प्रिंगचा, राखाडी. त्याच्या खाचेत पांढरी भुकटी दिसली तर ते जस्त आहे. आपल्या दमट हवेत जस्ताचा मुलामा असाच फुलतो. पक्षी ते चाटतो, चावतो आणि विषबाधा होते. लोहचुंबक लावून बघा असा सल्ला सगळे देतात, तो निरुपयोगी आहे. जस्त चुंबकाला चिकटत नाही, चांगलं ३०४ स्टील (स्टेनलेसचा एक दर्जा) तेही सहसा चिकटत नाही, आणि काही स्वस्त स्टेनलेस मात्र घट्ट चिकटतं. त्यापेक्षा आकडा काढून ३०४ स्टीलची, नट फिरवून बंद होणारी कडी लावा. स्प्रिंगच्या आकड्यात चोच अडकते तो धोकाही गेला.

ठोकळे: ओल्या पांढऱ्या फडक्याने मिनिटभर घासा. फडकं रंगलं तर ठोकळा बाद. खाण्याचा रंगही निघतोच, त्यामुळे रंग निघाला म्हणजे विष असं नाही. पण डब्यावर काही लिहिलेलं नसताना खात्री कोण देणार? आणि दोन सेंटिमीटरचा टणक ठोकळा बजीला फुटतच नाही, ती आपल्यासाठीची शोभा.

घंटा: घुंगरासारखी, खाली चीर असलेली. चिरेत नख आणि चोच अडकते. फेकून द्या.

दोरी: वर बोललो. तिच्याऐवजी सुतळी घेऊ म्हणाल, तर सुतळीचा वास घेऊन बघा. रॉकेलसारखा येतो ना? ताग कातताना त्याला खनिज तेल लावतात, त्याचा तो वास. म्हणून तीही नको.

मग द्यायचं काय? मला सगळ्यात आवडते ती परडी. देवाच्या फुलांची, बांबूची, १५ सेंटिमीटरची. रंगवलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणलेल्या नकोत, काठाला तार नको. कडकडीत पाण्यातून काढून उन्हात वाळवायची आणि आत पुढच्या वस्तू भरायच्या. आधी आतलं उपसतात, मग परडीच सोलायला घेतात.

मक्याच्या कणसाची सालं: बाहेरची दोन-तीन टाकून द्या, फवारणी त्यांच्यावर असते. आतली धुऊन, बोटभर रुंद पट्ट्या करून द्या. खपटाचा खोका: छपाई, चिकटपट्टी, पिना काढून ३ सेंटिमीटरचे चौकोन कापा. मधल्या नळ्यांत चोच बरोबर घुसते. वाळ्याची मुळं: काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, अत्तर मारलेली नकोत. नारळाची झावळी: पावसाळ्याआधी सोसायटीत छाटणी होते तेव्हा दोन मागून घ्या. त्याआधी महिनाभर कीटकनाशक मारलं नव्हतं ना, एवढं वॉचमनला विचारा. पातं धुऊन द्या, हीर काढून टाका, त्याचं टोक डोळ्यात जातं. पेरू किंवा शेवग्याची बोटाएवढी फांदी सालीसकट चालते, पण घोडबंदर रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्याच्या कडेची नको.

पोफळीच्या विरीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या पानाच्या रुंद बुडाच्या प्लेटा बरेच जण सुचवतात. मी देत नाही. सुपारीतली अल्कलॉइड नावाची द्रव्यं त्या पानातून अन्नात उतरतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२५ मध्ये ही भांडी जेवणासाठी अयोग्य ठरवली. चावायला तर नकोतच. दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागद, कागदी कप, चकचकीत मासिकं हेही नको. वर्तमानपत्र तळाशी घाला, खेळायला कोरा कागद द्या.

टांगायचंच असेल तर खाली पेच असलेली स्टीलची सळई मिळते, तिच्यात चौकोन आणि सालं आलटून पालटून ओवा. कुठलीही पट्टी ६-७ सेंटिमीटरपेक्षा जास्त लोंबू देऊ नका. कडी किंवा रिंग असेल तर तिचं भोक डोक्यापेक्षा लहान हवं, नाहीतर अख्खा पक्षी पार होईल इतकं मोठं. मधलं माप घातक, डोकं आत जातं आणि खांदे अडतात.

बजी नव्या वस्तूला घाबरतो. दोन दिवस पिंजऱ्याबाहेर, दिसेल अशी ठेवा. मग कडा आधीच थोड्या फाडून, आत बाजरीच्या कणसाचा तुकडा खोचून आत सरकवा. एका वेळी दोन-तीन खेळणी पुरतात, बदलायचं एकच.

जून ते सप्टेंबर हे सगळं दोन दिवसांत बुरसतं, आणि पक्ष्याच्या फुप्फुसाला बुरशी सोसत नाही. ओली सालं सकाळी द्या, संध्याकाळी काढा. कुबट वास आला की धुऊन वाळवायच्या भानगडीत पडू नका, टाका.

राहिलेलं: लव्हबर्डची मादी कागदाच्या लांब पट्ट्या कापून पाठीच्या पिसांत खोचायला लागली तर ती घरट्याची तयारी आहे. कागद, खोके, पक्ष्यांना झोपायला मिळतो तो मऊ तंबू सगळं काढा, नाहीतर अंड्यांवर अंडी घालून खंगेल. पक्षी फुगून बसला, उलटी केली, विष्ठा पातळ हिरवी झाली तर थांबू नका, पक्षी बघणारा डॉक्टर त्याच दिवशी गाठा. आणि देशी हिरवा पोपट असेल तर प्रश्न खेळण्याचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही.

दाजी, तुम्ही हे वाचणार, माहीत आहे. तो दोरीचा झोपाळा काढा. नसेल काढायचा तर बाहेर आलेला प्रत्येक धागा रोज संध्याकाळी बुडापासून कापा, आणि पीळ सैल पडला त्या दिवशी झोपाळा कचऱ्यात टाका.