एएमएल हा रक्ताचा कॅन्सर (ल्युकेमिया) एकाच पेशीतून सुरू होतो, तर रिपोर्टात जनुकांपुढे वेगवेगळे टक्के कसे?

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टात डीएनएमटी३ए ४६ टक्के, एनपीएम१ ४४ आणि एफएलटी३ फक्त ९, म्हणून तुम्ही गोंधळलात. मी अशाच तपासण्यांच्या लॅबमध्ये काम करते. शिवाय या विषयावरून घरात एक भांडण अजून मिटलेलं नाही.

रोग एकाच पेशीतून निघतो हे खरंच. सिएटलच्या फिलिप फियाल्कोंनी १९८१ मध्ये ते दाखवलं होतं: ज्या बायकांच्या शरीरात जी६पीडी एन्झाइमचे दोन प्रकार होते (एका पेशीत एकच), त्यांच्या ल्युकेमियाच्या पेशींत एकच सापडला. पण पुढे त्या घराण्यात वाटण्या होतात. रिपोर्टातला टक्का म्हणजे त्या जनुकाच्या किती प्रतींत बिघाड आहे. पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बिघाड सहसा एकीतच, म्हणून ४६ टक्के म्हणजे जवळपास सगळ्याच पेशी, आणि ९ म्हणजे जेमतेम १८ टक्के. एफएलटी३वाली शाखा मागाहून फुटलेली.

माझ्या मामांनाही एएमएल होता, आणि त्यांच्या पहिल्या रिपोर्टात एफएलटी३चा बिघाड नव्हताच. केमो झाली, रेमिशन मिळालं, म्हणजे रोग दिसेनासा झाला, आणि वर्ष उलटायच्या आत रोग परतला. मामेभाऊ म्हणाला, "ताई, फायलीत रिपोर्ट आहे की! परत बोनमॅरो काढून त्यांना कशाला छळायचं?" डॉक्टरही गप्प. मी हट्टाने जांभळ्या टोपणाची ट्यूब भरून घेतली. डीएनएच्या तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या आलेखावर नेहमीच्या शिखराच्या उजवीकडे दुसरं बुटकं शिखर उभं होतं, ४८ बेसनी (डीएनएच्या अक्षरांनी) लांब, म्हणजे जनुकाचा एक तुकडा दोनदा आलेला. एफएलटी३! म्हणून तर गिल्टेरिटिनिब, म्हणजे एफएलटी३ला रोखणाऱ्या गोळ्या, सुरू करता आलं. पुढचे आठ-नऊ महिने मामा घरी होते, मॅच बघत, मामीशी वाद घालत. मामेभाऊ अजून प्रत्येक लग्नात गोळ्यांचा खर्च काढतो. खर्च अफाट होता, मान्य. पण तो गोळ्यांचा, तपासणीचा नव्हे.

सेंट लुईसच्या गटाने २०१२ मध्ये आठ रुग्णांचे आधीचे आणि रोग परतल्यानंतरचे जीनोम ताडून पाहिले. कुठे मूळ क्लोननेच (पहिल्या पेशीच्या घराण्यानेच) नवे बदल उचलले होते, कुठे केमोतून वाचलेली एखादी शाखा फोफावली होती. तेव्हा रोग परतला की जुन्या रिपोर्टावर विसंबणं हा शुद्ध आळस आहे.

हां, टक्के दुप्पट करायचा हिशेब ढोबळ आहे. एखादी प्रत गळालेली असेल तर तो चुकतो, आणि एफएलटी३मधली लांब पुनरावृत्ती सिक्वेन्सिंगमध्ये कमी मोजली जाते. रेमिशननंतर नुसतं डीएनएमटी३ए उरलं तर लगेच धास्ती घेऊ नका, ते बऱ्याचदा उरतं. गेलेलं एनपीएम१ पुन्हा दिसलं तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.